कल्पित बार्शी–भूम फाट्यासाठी पहिलं इंजिन कोणतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद फळी भिंतीला लावून झाली आहे. तिच्यावर बार्शी लाइट या जुन्या नॅरोगेज (अरुंद रुळांच्या) रेल्वेच्या एका कधीच न झालेल्या फाट्याचं मॉडेल उभं करायचं आहे: बार्शी ते भूम, काळ १९३५ च्या आसपासचा. बार्शी लाइटचं तयार मॉडेल बाजारात मिळत नाही. मग पहिलं इंजिन कोणतं बांधावं, त्याच्याखाली एन गेजचा (९ मिलिमीटर रुळांवरच्या छोट्या मॉडेलांचा) तयार चॅसिस, म्हणजे चाकं आणि मोटर असलेला खालचा भाग, चालेल का, आणि लाइन कल्पितच आहे तर डबे एकेक वेगळ्या धाटणीचे केले तर मजा येईल ना?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोघांची उत्तरं त्यातच अडकली आहेत. लाइन कल्पित म्हटली की आपल्याला वाटतं, आता काहीही चालेल. माझा अनुभव उलटा आहे. खऱ्या लाइनचं मॉडेल करताना एखादा विचित्र डबा ठेवला आणि कुणी हटकलं तर जुना फोटो दाखवता येतो. कल्पित लाइनला असा पुरावा नसतो. तिथे प्रत्येक वाघिणीला (मालाच्या डब्याला) स्वतःच साक्ष द्यावी लागते की मला अमुक कंपनीने, अमुक कामासाठी, इतक्या पैशात आणलं. दहा डबे दहा तऱ्हेचे दिसले की बघणाऱ्याला लाइन दिसत नाही, संग्रह दिसतो. म्हणून ‘कोणतं इंजिन’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवू. आधी ही लाइन काय वाहते, कुठे चढते आणि तिच्या मालकाच्या खिशात किती आहे ते ठरवू. इंजिन त्यातून आपोआप निघतं, आणि मी ते खाली काढूनही दाखवतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आत्ताच सांगून टाकतो. तुमच्याकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे का, किंवा कुणाकडून छापून घेण्याची सोय आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पितळी पत्र्याला डाग देण्याचा सराव आहे का, तेही कळत नाही. फळीच्या एका टोकाला गाडी लपवायला जागा असेल तर हिशेब एक, नसेल तर दुसरा. खालचं सगळं मी असं धरून लिहितोय की प्लास्टिक शीट कापता येते, कानस आणि पॉलिश पेपर हाताला ओळखीचे आहेत, आणि छापील भाग लागलेच तर बाहेरून मिळतील.

आता मूळ घराणं बघू. बार्शी लाइट ही एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरची कल्पना. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या बार्शी रोड स्टेशनवरून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून, बार्शी गावापर्यंतचा पहिला तुकडा १८९७ मध्ये सुरू झाला. गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, अडीच फूट. पुढे लाइन पंढरपूरला गेली, लातूरला गेली आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. पण तुमच्या कामाची गोष्ट तारखांपेक्षा कॅलथ्रॉपच्या हट्टात आहे. त्याचं म्हणणं असं की हलक्या रुळांवरून जास्त माल न्यायचा असेल तर इंजिन असो की वाघीण, प्रत्येक आसावर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) सारखंच वजन पडलं पाहिजे, आणि ते पाच टनांच्या वर जाता कामा नये. एकटं इंजिन जड आणि वाघिणी हलक्या असतील तर रूळ त्या एका इंजिनासाठी जाड घालावे लागतात, आणि वाघिणींच्या बाबतीत तो पैसा वाया जातो. यावर त्याने दोन उपाय केले. वाघिणी आणि डबे सगळे एकाच मापाच्या, २५ फूट लांब आणि ७ फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादी सांगाड्यावर बोगीसकट (खाली वळणात फिरणारा चार चाकांचा गाडा) बांधले. आणि इंजिन केलं ०-८-४ टँक (मागे वेगळा टेंडर न जोडता पाणी-कोळसा स्वतःवरच वाहणारं), लीड्सच्या किटसन कंपनीकडून. आठ जोडचाकं (दांड्यांनी जोडलेली, ओढ देणारी) आणि मागे चार वाहती चाकं (फक्त वजन पेलणारी), म्हणजे सहा आस. वजन तीस टनांच्या आत बसतं. हा सरंजाम भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथे १८९४ मध्ये मुद्दाम रूळ टाकून लोकांना चालवून दाखवला होता.

तुमच्या फाट्यासाठी यातली दोनच मापं भिंतीवर लिहून ठेवा: आसाला पाच टन, आणि सांगाडा २५ बाय ७.

स्केलचा मुद्दा सोपा आहे, लवकर उरकतो. १:८७ घ्या आणि रूळ एन गेजच्या मापाचे, ९ मिलिमीटरचे. १:८७ म्हणजेच एचओ स्केलमध्ये एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर. अडीच फुटांचे झाले पावणेनऊ. पाव मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही. भारतीय ब्रॉडगेज करणाऱ्यांना हे सुख नाही. त्यांना १:८७ ला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत आणि ते साडेसोळाच्या तयार रुळांवर चालवतात, म्हणून इंजिनं समोरून पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसतात. तुमचा फाटा बार्शीहून निघतो, कुर्डुवाडीहून नाही, त्यामुळे ब्रॉडगेज फळीवर आणायची गरजच नाही. ही निवड तुम्ही कळून केली असेल तर शाबासकी, नकळत केली असेल तरी चांगलंच झालं. फक्त नेहमीचा एन गेजचा ट्रॅक घेऊ नका. त्याचे स्लीपर बारीक आणि दाट असतात, आणि मग कितीही चांगली वाघीण ठेवली तरी ती लांबून ब्रॉडगेजची छोटी प्रतिकृती वाटते. पेको कंपनीचा ओओ-९ साठीचा (९ मिलिमीटर रुळांवरच्या नॅरोगेज मॉडेलांसाठीचा), जाड आणि विरळ स्लीपरांचा ट्रॅक मिळतो तो वापरा. वळण १२ इंच त्रिज्येच्या खाली नको. नऊ इंचांची तयार वळणं विकत मिळतात, पण १:८७ ला ती खऱ्या वीस मीटर त्रिज्येची होतात, आणि तेवढं वळण गावातल्या रस्त्यालाही नको वाटतं.

आता फाट्याची गोष्ट. बार्शीहून भूम सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आसपास, उत्तरेला. वाटेत बालाघाटचे डोंगर, म्हणजे चढ आला. शिवाय त्या काळी बार्शी इंग्रजी मुलखात आणि भूम निजामाच्या. म्हणजे गाडी मधे कुठेतरी हद्द ओलांडणार आणि तिथे निजामाचा करोडगिरी नाका असणार, माल तपासून जकात घेणारा. हे मॉडेलवाल्याच्या दृष्टीने सोनं आहे. नाक्याच्या स्टेशनात गाडी थांबायला, वाघीण काढून बाजूला लावायला आणि उद्याच्या गाडीला जोडायला कारण मिळतं. नाहीतर फाट्याच्या शेवटच्या स्टेशनात येणं आणि परत जाणं यापलीकडे खेळ उरत नाही. मी तुमच्या जागी असतो तर फळीवर भूम न करता हद्दीवरचं हे मधलं स्टेशनच केलं असतं. मालही सरळ आहे. उतरताना कापूस, ज्वारी, शेंगा. चढताना मीठ, रॉकेल, कापड, लोखंडी सामान. कापसाचा हंगाम दिवाळीनंतरचा, तेव्हा वाघिणी कमी पडणार. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या वाटेवर माणसंच माणसं, तेव्हा डबे कमी पडणार. बाकी वर्षभर रोज एक मिक्स्ड (माल आणि प्रवासी एकत्र) गाडी जाऊन-येऊन, बस.

आता इंजिन काढू. बार्शी लाइटची मुख्य लाइन १९२७ ला मिरजेपर्यंत झाल्यावर नवी, मोठी इंजिनं तिकडे लागणार आणि सगळ्यात जुनी फाट्याला येणार. फाट्याच्या नशिबी उतरलेलंच इंजिन असतं, हे जगभरचं सत्य. त्या न्यायाने भूमच्या गाडीला जुनं ०-८-४ टँक शोभलं असतं. पण पहिलंच मॉडेल म्हणून मी ते सुचवणार नाही. आठ जोडचाकांचा ९ मिलिमीटरचा चॅसिस सहज मिळत नाही, आणि मिळाला तरी मागची चार चाकांची बोगी वळणात चॅसिसला ढकलून पुढची चाकं उचलू लागते. ते इंजिन दुसरं किंवा तिसरं करा.

पहिलं इंजिन घराण्यातलंच, पण एक पायरी धाकटं. समजा कंपनीने फाट्यासाठी किटसनला सांगितलं, तेच इंजिन आखूड करून द्या. जोडचाकांची एक जोडी कमी केली आणि मागच्या बोगीऐवजी एकच वाहता आस दिला की झालं ०-६-२ टँक. चार आस, पाच टनांप्रमाणे वीस टन. त्यातलं पंधरा टन जोडचाकांवर. चाक न घसरता ओढ त्या वजनाच्या पाचव्या भागाइतकी धरा, म्हणजे तीन टन. आता बालाघाटचा चढ आपण ५० ला १ (५० फुटांत १ फूट) धरू. दर टनामागे चढाचे वीस किलो, चाकांच्या घर्षणाचे आणखी पाचेक किलो, असे पंचवीस. तीन हजार भागिले पंचवीस म्हणजे एकशेवीस टन. त्यातून इंजिनाचे स्वतःचे वीस वजा जाता उरले शंभर. बार्शी लाइटच्या चार आसांच्या वाघिणीचं भरलेलं वजन फार तर वीस टन. म्हणजे चार भरलेल्या वाघिणी आणि मागे गार्डाचा डबा, एवढीच या इंजिनाची ताकद. वळणं धरली तर त्याहून थोडी कमीच.

हे गणित मी का केलं ते बघा. १:८७ ला २५ फुटी वाघीण साडेसत्त्याऐंशी मिलिमीटर भरते. कपलिंग धरून सत्त्याण्णव म्हणू. पाच वाहनं आणि सत्तरेक मिलिमीटरचं इंजिन मिळून गाडी पंचावन्न सेंटिमीटरच्या आसपास. तुमच्या आठ फुटांत साठ सेंटिमीटरचा लूप (बाजूने जाणारा दुसरा रूळ), दोन्हीकडचे पॉइंट (रूळ बदलायचे सांधे) आणि इंजिनाला पुढे निघून फिरायला जागा हे सगळं आरामात बसतं. म्हणजे गाडी आखूड आहे ती जागा कमी पडली म्हणून नाही, चढ आणि आसाचं वजन यांमुळे. बघणाऱ्याला आकडे माहीत नसतात, पण इंजिन आणि गाडी एकमेकांना शोभतात की नाही हे त्याला बरोबर जाणवतं. आणि टँक इंजिन असल्यामुळे ते उलटंही धावतं, त्यामुळे भूमला टर्नटेबल (इंजिन उलटं फिरवायची चकती) नको. टेंडरचं इंजिन निवडलं असतंत तर टर्नटेबलाचा खर्च त्या गरीब फाट्याच्या माथी आला असता, आणि तुमच्याही.

चॅसिसबद्दल. होय, एन गेजचा सहा जोडचाकांचा कोणताही चांगला टँक इंजिनाचा चॅसिस चालेल. विकत घेण्याआधी दोन मापं घ्या. पहिलं, पुढच्या आणि मागच्या जोडचाकांतलं अंतर. ते २२ मिलिमीटर असेल तर खऱ्यात एकोणीसशे मिलिमीटर, सव्वासहा फूट, छान. दुसरं, चाकाचा व्यास. आठ ते पावणेनऊ मिलिमीटर म्हणजे २७ ते ३० इंची चाक, नॅरोगेजला अगदी योग्य. एक्सप्रेस इंजिनाचा बारा-तेरा मिलिमीटर चाकांचा चॅसिस स्वस्तात मिळाला म्हणून घेऊ नका, त्यावर काहीही चढवलं तरी ते बांबूवर चढल्यासारखं दिसतं. मोटरची उंची आणि रुंदी तितकी महत्त्वाची नाही. खरं इंजिन सात फूट रुंद धरलं तर मॉडेलला साडेचोवीस मिलिमीटर मिळतात, आणि एन गेजचा चॅसिस त्याच्या निम्म्याच्या आसपास असतो. बाजूच्या पाण्याच्या टाक्या ही सगळी पोकळी झाकतात. त्याच पोकळीत वजन भरायचं. माशाच्या गळाला लावतात ती शिशाची वजनं हातोडीने चपटी करून बसवा, आणि नंतर हात साबणाने धुवा. वजन जोडचाकांच्या मधोमध पडलं पाहिजे. कॅबमध्ये जागा दिसते म्हणून तिथे कोंबलं की इंजिन नाक वर करतं.

वेग हा चॅसिसच्या निवडीतला खरा कस आहे. फाट्यावरची मिक्स्ड गाडी ताशी वीस किलोमीटरने चालली असेल तर १:८७ ला ती सेकंदाला साडेसहा सेंटिमीटरहूनही कमी जाते, म्हणजे एक मीटर जायला साधारण सोळा सेकंद. दुकानात चॅसिस तपासताना फोनवर वेळ लावून बघा. सोळा सेकंदांत एक मीटर न अडखळता जात असेल तर बाकी सगळे दोष माफ.

बांधणीत मी बॉयलरला पितळी नळी, टाक्या आणि कॅबला अर्ध्या मिलिमीटरची प्लास्टिक शीट वापरतो. चिमणी, डोम आणि सेफ्टी व्हॉल्व्हची बैठक लेथवर पितळेतून वळवून घेतली तर उत्तम. नसेल जमत तर रेझिनमध्ये छापा. पण चिमणी छापीलच ठेवली तर ती एक दिवस हातात येणार हे गृहीत धरा आणि आतून पितळी नळीचा तुकडा घाला. हाताने धरायच्या दांड्या ०.३५ मिलिमीटरच्या तारेच्या. खऱ्यातली सव्वा इंची दांडी तेवढीच होते, त्याहून जाड तार लावली की इंजिनाला गजांची खिडकी लावल्यासारखं होतं. किटसनच्या इंजिनांचे फोटो समोर ठेवा आणि चिमणीचा वरचा ओठ, डोमचा गोलवा, कॅबच्या छपराची वळण, टाकीची पुढची कड एवढं त्यांच्यासारखंच ठेवा. बाकी लांबी-रुंदी चॅसिसप्रमाणे हलवा. फोटोवरून माप काढताना शेजारी उभ्या माणसाची उंची धरू नका, माणसं कमी-जास्त असतात आणि क्वचितच इंजिनाच्या रेषेत उभी असतात. मागे एखादी वाघीण जोडलेली दिसली तर तिची २५ फूट लांबी हीच तुमची पट्टी.

इथवरचं एका ओळीत: रूळ हलका म्हणून आस पाच टनांचा, आस पाच टनांचा म्हणून इंजिन वीस टनांचं, आणि चढ ५० ला १ म्हणून गाडी पाच वाहनांची.

आता डबे. माझ्या मते खरं काम इथे आहे, आणि इंजिनाच्या आधी हेच करावं. इंजिन तपासायला ओढायला काहीतरी हवं हे एक कारण. दुसरं असं की एकाच सांगाड्याच्या आठ-दहा वाहनांवर हात बसला की इंजिनाच्या टाक्या आपोआप काटकोनात येतात.

सांगाडा सगळ्यांना एकच, त्यामुळे आधी साचा करा. जाड एमडीएफच्या तुकड्यावर साडेसत्त्याऐंशी बाय साडेचोवीसची चौकट काढून तीन बाजूंना पट्ट्या चिकटवा, चौथी मोकळी. बोगीच्या दोन खिळ्यांची भोकं साच्यातच पाडून ठेवा, म्हणजे प्रत्येक सांगाड्यात ती त्याच जागी येतात. फरशीला एक मिलिमीटरची शीट. वरून दिसणारी असेल, म्हणजे उघड्या वाघिणीत, तर पावणेदोन ते दोन मिलिमीटरवर आडव्या रेघा ओढा; त्या सहा-सात इंची फळ्या होतात. रेघा सुरीच्या धारेने न ओढता पाठीने ओढा, धार प्लास्टिक कापते आणि दोन्ही कडा उचलून धरते. बाजूच्या लांब तुळया पोलादी पत्रा दाबून केलेल्या, त्यामुळे रिवेटांची गर्दी करू नका. रिवेटांच्या रांगा काढता येतात म्हणून काढायच्या, हा आमच्या छंदातला जुना आजार आहे.

किती वाहनं करावीत? माझा आकडा नऊ: चार बंद वाघिणी, दोन उंच कडांच्या उघड्या, दोन तिसऱ्या वर्गाचे डबे आणि एक गार्डाचा डबा, ज्यात अर्धा भाग सामानाचा आणि उरलेल्यात थोडी बसायची जागा. पहिल्या वर्गाला स्वतंत्र डबा भूमच्या फाट्यावर कुणी दिला नसता. गार्डाच्या डब्यातला एक कंपार्टमेंट तेवढ्यासाठी राखला की मामलेदारांची सोय झाली. चारही बंद वाघिणी एकसारख्याच करा. तुम्हाला हव्या असलेल्या वेगळेपणाला इथे जागा आहे, पण तो वापरातून येऊ द्या. एकीचा दरवाजा नव्या फळ्यांचा, रंग न दिलेला. एकीच्या छपरावर डांबराचं ठिगळ. एकीवर ओव्हरहॉलची नवी तारीख आणि ताजा रंग, बाकीच्या तिघी उन्हाने फिक्या. आषाढीच्या आठवड्यात यांतलीच एक झाडून, दार उघडं ठेवून वारकऱ्यांनी भरलेली दाखवा. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना काच कमी आणि लाकडी झडपा जास्त. सगळ्या झडपा एकाच उंचीवर ठेवू नका, ज्या बाजूला ऊन असेल त्या बाजूच्या खाली ओढलेल्या.

उघड्या वाघिणीतला कापूस हा एक छोटा पण दिसणारा मामला. भूमला जिनिंग प्रेस (सरकी काढून कापसाच्या गाठी दाबणारा कारखाना) आहे असं धरलं तर पक्क्या दाबलेल्या गाठी येतील. भारतीय गाठ ३९२ पौंडांची, लांबीला १:८७ मध्ये सव्वा-दीड सेंटिमीटर. बाल्सा लाकडाचे तुकडे करून त्यावर पातळ मलमल चिकटवा आणि बारीक तांब्याच्या तारेच्या पट्ट्या आवळा. प्रेस नसेल तर सुटा कापूस मोठ्या बोंदांत बांधून येईल, फुगलेला, वजनाला हलका आणि वाघिणीच्या कडांच्या वर आलेला, ताडपत्री टाकलेला. कोणतंही एक ठरवा. गाठी दाखवल्या तर ‘जिनिंग कुठे आहे?’ या प्रश्नाचं उत्तर फळीवर किंवा तुमच्या गोष्टीत असलं पाहिजे.

रुळावरून उतरणं ही नॅरोगेजवाल्यांची कायमची तक्रार, आणि दोष बहुधा रुळापेक्षा बोगीच्या बसवणीत असतो. दोन्ही बोग्या सगळ्या दिशांना सैल ठेवल्या तर डबा दारुड्यासारखा डोलतो. दोन्ही घट्ट केल्या तर रूळ जिथे जरासा पिळलेला असेल तिथे एक चाक हवेत राहतं. एक बोगी फक्त आडवी फिरेल, डुलणार नाही, इतपत घट्ट करा. दुसरी फिरेल आणि डुलेलही. मग डबा तीन बिंदूंवर उभा राहतो आणि आठही चाकं रूळ धरतात. करायला सोपं आहे: पहिल्या बोगीच्या खिळ्यामागे फरशीला दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या चिकटवायच्या, दुसरीला मधोमध एकच वॉशर. वजन मी रिकाम्या वाघिणीला पंचवीस ते तीस ग्रॅम ठेवतो. एचओसाठीची अमेरिकन वजनं वाचून याच्या दुप्पट-तिप्पट भरू नका, एन गेजचा चॅसिस चढावर तेवढं ओढत नाही.

कपलिंगसाठी मधोमध एकच बफर ही नॅरोगेजची ओळख आहे, तेव्हा एन गेजचं ठोकळेबाज कपलिंग तसंच ठेवणं मला पटत नाही. मायक्रोट्रेन्स कंपनीची एन गेजची नकल (knuckle, वाकवलेल्या बोटांसारखी एकमेकांत अडकणारी) कपलिंगं आकाराने बरोबर बसतात आणि रुळाखालच्या चुंबकाने सुटतात. त्यापेक्षाही महत्त्वाची त्यांची उंची. पत्र्याचा एक तुकडा कापून उंचीचं माप करून ठेवा आणि प्रत्येक वाहन रंगवण्याआधी त्याच्याशी ताडून बघा. रंगवल्यावर बोगीखाली वॉशर घालत बसणं म्हणजे ताजा रंग खरवडणं.

रंगाच्या बाबतीत ठाम सांगतो, गंज आवरता घ्या. परदेशी व्हिडिओ बघून लोक प्रत्येक वाघीण बंदरात सडलेली असल्यासारखी रंगवतात. बार्शी-भूम भाग कोरडा, पाऊस बेताचा. तिथे पोलाद सडत नाही, धुळकटतं. काळ्या मातीची करडी धूळ आणि मुरमाची तांबूस धूळ, ती खालून वर, बोगी आणि तुळयांवर सगळ्यात दाट. वाघिणींना रेड ऑक्साइड, त्यात थोडा पांढरा मिसळून उन्हाने उतरलेला. छपरं फिक्या राखाडी रंगाची. इंजिन काळं, पण टाकीवर जिथे पाणी भरताना सांडतं तिथे फिकट चुनखडी ओघळ. विहिरीचं जड पाणी ते सोडतंच.

अक्षरं शेवटी. कंपनीची आद्याक्षरं, नंबर, रिकामं वजन आणि भार टनांत. नंबर एक, दोन, तीन असे देऊ नका. फाट्यावरची नऊ वाहनं हा मोठ्या कंपनीच्या ताफ्यातला तुकडा आहे, तेव्हा वाघिणींना ११२, ११९, १४३ असे मधेच उचललेले नंबर द्या, म्हणजे न दिसणाऱ्या बाकीच्या वाघिणीही आहेत असं वाटतं. गार्डाच्या डब्यावर मात्र फाट्याचं नाव असू द्या, कारण तो दुसरीकडे जात नाही. नाक्याच्या स्टेशनची पाटी मराठी, इंग्रजी आणि उर्दूत असेल, आणि तिकीटखिडकीवर भाड्याचे दोन तक्ते: एक कलदार (इंग्रजी) रुपयांत, दुसरा निजामाच्या हाली सिक्क्यात.

पुढचं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: फळीच्या कोणत्या टोकाला गाडी लपवायला जागा आहे, तुम्ही बघून ठेवलेल्या चॅसिसच्या जोडचाकांचं अंतर मिलिमीटरमध्ये, आणि प्रिंटरची सोय आहे की नाही. तोवर साचा करून पहिले दोन सांगाडे कापा. त्या दोघांना एकमेकांवर ठेवून खिळ्यांच्या भोकांतून उजेड आरपार येतो का ते बघा. येत नसेल तर साचा दुरुस्त करा, आणि मगच तिसरा कापा.